शेर गेला, सव्वाशेर राहिला

मराठी माणसाच्या बोलण्यातून मापे काढून टाकली तर निम्मी भाषा मुकी होईल. कुणाची प्रकृती तोळामासा असते, कुणाच्या पायात मणामणाच्या बेड्या पडलेल्या असतात, कुणाच्या मनात तिळमात्र शंका नसते, तर कुणाला गुंजभरही अक्कल नसून त्याचा तोरा मात्र खंडीभर असतो. वीतभर पोटासाठी माणूस कोस कोस चालतो. पापाची घटका भरते, आणि शेरास सव्वाशेर हा कधी ना कधी भेटतोच. यातले एकही माप आज सरकारदरबारी चालत नाही. शेर कायद्याने गेला. सव्वाशेर मात्र म्हणीत ठाण मांडून बसला आहे आणि तो काही उठायचा नाही.

मोजमाप हा विषय आपण शाळेच्या पुस्तकात कोंडून ठेवला आहे. ‘मूलभूत एकके सात आहेत, त्यांची नावे लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न येतो. मुले मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला अशी सात नावे घोकून लिहितात आणि परीक्षा संपली की विसरतात. ‘निसर्गातील मूलभूत बले चार’ हाही तसाच प्रश्न, तसेच घोकणे. या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील त्याच दिवशी बाजार समितीच्या आवारात काट्यापाशी उभे असतात, आणि वर्षभराच्या घामाचे काय मोल होणार हे त्या काट्यावरचा आकडा ठरवत असतो. पुस्तकातले सातातले एक एकक आणि चारातली चारही बले त्या काट्यापाशी हजर असतात. बापाला ते कुणी सांगत नाही, मुलाला ते कुणी दाखवत नाही. ते दाखवले पाहिजे, एवढेच आजचे माझे म्हणणे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. जुन्या मापांविषयी बोलताना आपला स्वर हळवा होतो. पायली, अधोली, शेर, मापटे या शब्दांना धान्याचा वास आहे. मापारी मोजायला बसला की पहिले माप ‘एक’ म्हणून मोजत नसे, ‘लाभ’ म्हणून मोजी. मग दोन, तीन, चार. ही रीत कुणालाही आवडावी अशीच आहे. पण हळवेपणा जरा बाजूला ठेवून पाहिले तर ती मापे ज्याच्या हातात असत त्याचीच असत. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नव्हते. पायली शिगोशीग भरायची की वरून हात फिरवून सपाट करायची, हे मोजणारा ठरवी. घेताना शीग आणि देताना सपाट, हा अनुभव आपल्या आज्यापणज्यांनी पिढ्यान् पिढ्या घेतला. कर्ज म्हणून आणलेले बियाणे सपाट मापाने घरात येई आणि सुगीत सवाई-दिढीने परत जाताना शिगेच्या मापाने जाई. व्याजावर हे आणखी एक मुके व्याज होते. ते कुठल्याही वहीत लिहिलेले नसे, म्हणून त्याची दादही कुठे लागत नसे.

आमच्या वऱ्हाडचा कापूस एके काळी थेट लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती म्हणजे अमरावती, तिचेच ते गोऱ्या व्यापाऱ्यांच्या जिभेवर वळलेले रूप. एवढ्या दूरच्या गिरणीला कापूस पुरवायचा तर तो नीट बाजारात यावा, नीट तोलला जावा, याची गरज साहेबालाही वाटली. म्हणून १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. देशातल्या आजच्या बाजार समित्यांची वंशावळ लिहायला घेतली तर पहिल्या पानावर आमचे वऱ्हाड येते. साहेबाचा हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांचा होता, शेतकऱ्याचा कळवळा म्हणून हे घडले नाही, हे खरे. पण माप एका माणसाच्या हातून काढून नियमाच्या हाती द्यायचे असते, ही कल्पना त्या निमित्ताने आपल्या मातीत रुजली.

पुढचे मोठे पाऊल स्वतंत्र भारताने टाकले. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला होताच. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याच्या जागी आला हजार ग्रॅमचा किलो. चाळीस शेरांचा मण गेला आणि शंभर किलोंचा क्विंटल आला. कोट्यवधी निरक्षर माणसांच्या देशाने आपली नाणी आणि वजने दोन्ही काही वर्षांच्या आत बदलली. या गोष्टीचे आपण पुरेसे कौतुक केलेले नाही. ज्यांनी आण्यांचे पाढे पाठ केले होते त्यांनी नव्याने हिशेब शिकून घेतले. किराणा दुकानात मात्र माझ्या लहानपणीही ‘पावशेर साखर’च मागितली जाई आणि दुकानदार अडीचशे ग्रॅम तोलून देई. शब्द जुना, माल नवा.

सोन्याच्या बाबतीत तर याहून मजा झाली. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे आणि वर्तमानपत्रातल्या भावात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी निवेदन दिले नाही, आणि तोळ्यातून दीड ग्रॅमहून जास्त सोने गुपचूप निघून गेले! अर्थात भावही दहा ग्रॅमचाच सांगितला जातो, त्यामुळे यात फसवणूक नाही. पण आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’ आणि नातसुनेचे ‘पाच तोळे’ हे एक वजन नव्हे, हे घरातल्या वाटण्यांच्या वेळी लक्षात ठेवलेले बरे.

बँकेतली माझी बरीचशी नोकरी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत झाली. पीककर्जाच्या अर्जावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहावे लागे. समोरचा माणूस बोले एकरात. पाच एकरांचे दोन हेक्टर दोन आर होत. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अर्जावरचा ‘दोन’ हा आकडा बोटाने दाबून धरला आणि म्हणाला, “साहेब, तुमच्या हेक्टरमंदी माहं वावर आटून जाते.” मी त्याला हिशेब समजावून सांगितला. वावर तसूभरही आटले नव्हते. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होते. जे माप आपल्याला डोळ्यांपुढे आणता येत नाही, त्यात लिहिलेली आपली वस्तू आपल्याला परकी वाटते, आणि परक्या वाटणाऱ्या कागदावर माणूस न वाचता अंगठा उमटवतो. तेव्हापासून मी हेक्टरच्या शेजारी कंसात एकर लिहून द्यायला लागलो. ती काही नियमात बसणारी गोष्ट नव्हती, पण तिने कुणाचे नुकसान झाले नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. काट्यावरचा किलो शंभर नंबरी खरा आहे हे कशावरून? दुकानातले वजन तपासनिसाच्या वजनाशी ताडून पाहतात, तपासनिसाचे त्याच्या वरच्या कार्यालयातल्या वजनाशी, आणि असे वर वर जात आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचतो. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंच्या मिश्रणाचा एक लहानसा दंडगोल जपून ठेवलेला आहे. त्याचा क्रमांक ५७. तो पॅरिसजवळच्या सेव्र या गावी ठेवलेल्या मूळ किलोची अधिकृत नक्कल. १८८९ पासून सगळ्या जगाचा किलो म्हणजे तिथल्या तळघरातला, जेमतेम ३९ मिलिमीटर उंचीचा तो एक ठोकळा होता. तीन काचेच्या झाकणांखाली, तीन किल्ल्यांच्या तिजोरीत. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यात सोडलेल्या घटिकापात्राकडे सगळ्या मांडवाने पाहावे, तसे सगळे जग वजनासाठी त्या ठोकळ्याकडे पाहत होते.

आणि एक दिवस कळले की ठोकळाही भरवशाचा नाही. मूळ किलो आणि त्याच्या नकला शंभर वर्षांत एकमेकांपासून सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमने सरकल्या होत्या. हा फरक साखरेच्या एका बारीक कणाहूनही कमी. पण कोण हलके झाले आणि कोण जड झाले, हे ठरवायचे कसे? मूळ ठोकळा हाच किलो, असे आपणच ठरवलेले! तो झिजला तर व्याख्येप्रमाणे तो झिजला असे म्हणताच येत नाही. बाकीचे सगळे विश्व जड झाले असे म्हणावे लागते. सावकाराच्या पायलीला खोटे म्हणता येत नसे, कारण गावात दुसरी पायलीच नसे. त्याच प्रकारचा हा पेच, फक्त फार सज्जन लोकांच्या तळघरातला.

तो पेच सुटला २० मे २०१९ रोजी. आदल्या वर्षी नोव्हेंबरात व्हर्सायला जमलेल्या देशांनी एकमताने ठरवले की यापुढे किलो हा कुठल्याही वस्तूवर टेकलेला नसेल. सेकंद आधीच सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० आंदोलनांवर बांधला गेला होता. मीटर म्हणजे प्रकाश एका सेकंदाच्या २९९,७९२,४५८व्या भागात जेवढा जातो तेवढे अंतर, हेही १९८३ पासून ठरलेले होते. आता किलोही प्लांकच्या स्थिरांकावर बांधला गेला. मॅक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने १९०० साली मांडलेला हा आकडा निसर्गाचा स्वतःचा आकडा आहे. तो पॅरिसमध्ये जेवढा, तेवढाच मेळघाटातही. तो झिजत नाही, कुलपात ठेवावा लागत नाही, आणि त्याची किल्ली कुणा एकाच्या कमरेला नसते.

हे प्रत्यक्षात उतरवणारा तराजू ब्रायन किबल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७५ साली सुचवला. त्याची कल्पना शेतकऱ्याला ताबडतोब समजेल अशी आहे. वस्तूला पृथ्वी खाली ओढते. तिच्या विरुद्ध, चुंबकाच्या क्षेत्रात टांगलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की वेटोळे वर उचलू पाहते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की तराजू स्थिर. मग वीज किती लागली ते अतिशय बारकाईने मोजायचे. म्हणजे एका बाजूला गुरुत्वाकर्षण आणि दुसऱ्या बाजूला विद्युतचुंबकीय बल. निसर्गाच्या चार मूलभूत बलांपैकी दोन बले समोरासमोर बसवली आणि त्यांच्यातल्या समतोलातून किलो निघाला.

आता अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कापसाचा गाठोडा ठेवला. पृथ्वीने त्याला खाली ओढले, हे पहिले बल, गुरुत्वाकर्षण. काट्याखालचा पोलादी तुकडा दाबला गेला, पण मोडला नाही. त्याचे अणू एकमेकांना धरून राहिले, ते विद्युतचुंबकीय बलामुळे. तुकडा केसभर वाकला, त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध थोडा बदलला, आणि तो बदल वाचून आकडा उमटला. हे दुसरे बल. पॅरिसच्या तळघराला निवृत्त करणारी जी जोडी किबलच्या तराजूत बसली, तीच जोडी आमच्या यार्डातल्या काट्यात रोज हमाली करते.

बाकीची दोन कुठे आहेत? कापसाला वजन आहेच मुळी कशामुळे, असे विचारा. वस्तूचे जवळजवळ सगळे वस्तुमान तिच्या अणूंच्या केंद्रकांत असते, केंद्रके प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची, आणि त्यांचे बहुतेक वस्तुमान येते ते त्यांच्या आतल्या क्वार्कांना जखडून ठेवणाऱ्या प्रबल बलाच्या ऊर्जेतून. तुम्ही क्विंटलभर कापूस विकता तेव्हा बव्हंशी प्रबल बलाची बांधलेली ऊर्जाच विकत असता! आणि चौथे, दुर्बल बल. नावावर जाऊ नका. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होण्यासाठी आधी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे काम एकटे दुर्बल बलच करू शकते. ते इतके सावकाश करते की सूर्य अब्जावधी वर्षे पुरून जळतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा या दुर्बलाचे बळ काय असते ते आम्ही डोक्याला दुपट्टा बांधून अनुभवतो. बोंड फुटते तेही त्याच्याच कृपेने.

चौघांत सर्वांत अशक्त कोण? आपल्याला वाटते गुरुत्वाकर्षण मोठे बलवान, कारण पाय घसरला की तेच आठवते. प्रत्यक्षात दोन प्रोटॉनांमधली विद्युत ओढाताण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकावर छत्तीस शून्ये एवढ्या पटीने मोठी असते. लहान मुलाच्या हातातले चुंबक टाचणी उचलते, तेव्हा अख्खी पृथ्वी टाचणीला खाली ओढत असते आणि हरत असते. गुरुत्वाकर्षण जिंकते ते एका गुणावर. विजेत धन आणि ऋण असे दोन पक्ष आहेत, ते एकमेकांना खोडून काढतात. गुरुत्वाकर्षणात दुही नाही. सगळे एकाच दिशेने ओढतात, कणाकणाची ओढ साठत जाते, आणि मग ग्रह-तारे त्या ओढीने बांधले जातात. आम्हां वऱ्हाडी माणसांना यातून घेण्यासारखे काही आहे काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

बल मोजण्याचे एकक न्यूटन. हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो. वरुड-मोर्शीकडचे शंभर ग्रॅमचे एक लहानसे संत्रे तळहातावर ठेवा. हाताला जो भार जाणवेल तो साधारण एक न्यूटन. मुलाला हे एकदा दाखवले की तो जन्मभर विसरणार नाही. आणि वजन व वस्तुमान यांतला फरक? तो सांगायला चिखलदरा आहे. अमरावतीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच उचलून चिखलदऱ्याला नेला तर उंचीमुळे पृथ्वीची ओढ किंचित कमी होते, आणि क्विंटलमागे पंधरा-वीस ग्रॅम कमी दिसतील. जुनी दोन पारड्यांची तागडी मात्र वर नेली तरी खरेच बोलेल, कारण तिथे माल आणि वजन दोघांवरची ओढ सारखीच कमी झालेली असते. म्हणून तर नवा काटा जिथे बसवायचा तिथेच जुळवावा लागतो. एवढा सोपा धडा, पण तो दाखवायला एकाही शाळेची सहल चिखलदऱ्याला गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. सहली देवी पॉइंटवर फोटो काढून परत येतात.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला प्लांकचा स्थिरांक घेऊन काय करायचे? त्याला भाव हवा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. भाव आधी, विज्ञान मागून, हे मलाही मान्य आहे. पण भाव कशाचा मिळतो? मोजलेल्या मालाचा. आणि मोजणे आता फक्त वजनापुरते राहिलेले नाही. हमीभावाच्या खरेदीत कापसातला ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात, आणि बारापुढे खरेदीच नाही. शेतकऱ्याला वजन कळते, कारण त्याने ओझे उचललेले असते. ओलावा त्याला हाताला कळतो, पण तो यंत्राचा साडेदहा आणि साडेबारा यांतला फरक हाताने सांगू शकत नाही. ते यंत्र कापसातून वीज किती जाऊ शकते हे पाहते. कोरडा कापूस वीज अडवतो, पाणी तिला वाट देते. इतकी साधी गोष्ट. पण यंत्राचे तोंड दुसरीकडे असले आणि आकडा फक्त ऐकवला गेला, तर पायलीवरची शीग परत आली म्हणून समजा. फक्त आता ती डोळ्यांना दिसत नाही.

पावसाचेही तसेच. मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. ६४ भरले तर नाही. त्या एका मिलिमीटरवर पंचनाम्याची आणि मदतीची भिस्त असते. एक मिलिमीटर म्हणजे काय? एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पर्जन्यमापक झाडाखाली आहे की मोकळ्यावर, एवढी चौकशी करायला तरी मापाची ओळख लागतेच.

आणि एकाच कापसाची किती मापे! शेतकरी विकतो क्विंटलने. सरकी काढलेल्या रुईचा भाव निघतो खंडीने, आणि ही खंडी म्हणजे ३५६ किलो, म्हणजे साहेबाच्या काळातले ७८४ पौंड. गाठ भरते १७० किलोंची. न्यूयॉर्कचा भाव येतो पौंडाला सेंटमध्ये. मधल्या प्रत्येक पायरीवर ज्याला गुणाकार-भागाकार येतो तो पुढे सरकतो आणि ज्याला येत नाही तो पहिल्याच पायरीवर थांबतो. पहिल्या पायरीवर कोण उभा आहे हे सांगायला नको. मापांची गल्लत शहाण्यांनाही महागात पडते. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले, कारण बलाचा हिशेब एका गटाने पौंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये समजून घेतला. तिथे यान गेले. इथे एखाद्या घराचा हंगाम जातो, आणि त्याची चौकशी समिती नेमली जात नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी लहान आहेत. प्रत्येक बाजार आवारात, प्रत्येक खरेदी केंद्रावर, मोहोर मारलेली वीस-वीस किलोंची वजने काट्याशेजारी उघड्यावर ठेवलेली असावीत. कुणाही शेतकऱ्याने ती उचलून काट्यावर ठेवावीत आणि आकडा पाहावा, कुणाची परवानगी न मागता. काट्याची वर्षाची तपासणी कायद्याने होतेच, पण मोहोर ही अधिकाऱ्याची खातरजमा झाली. शेतकऱ्याची स्वतःची खातरजमा ही वेगळी गोष्ट आहे. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा माल आणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावा. खंडीचा, गाठीचा आणि क्विंटलचा भाव एका फळ्यावर शेजारी शेजारी लिहावा. आणि नववी-दहावीच्या मास्तरांनी वर्षातून एकदा वर्ग उठवून काट्यापाशी न्यावा. सात एकके आणि चार बले हा धडा तिथे एका तासात होईल, आणि त्यातला एखादा मुलगा घरी जाऊन बापाला चार गोष्टी सांगेल.

कल्पना करून पाहा. वाशीम १९९८पर्यंत आमच्या अकोला जिल्ह्यातच होते. त्याच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेझर, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढीही लांबी बदलली तर ती ओळखायची. अशाच अमेरिकेतल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या धडकेची लहर पहिल्यांदा टिपली. तिला इथवर यायला सुमारे १३० कोटी वर्षे लागली होती. त्या शोधामागच्या विश्लेषणात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे अनेक वर्षांचे काम आहे. ती संस्था उभी केली जयंत नारळीकरांनी. वस्तूचे वस्तुमान हे तिचे एकटीचे नसून विश्वातल्या इतर सगळ्या पदार्थांशी असलेल्या नात्यातून येते, असा विचार त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली मांडला होता. विज्ञानजगताने तो सिद्धान्त सर्वमान्य केला नाही, पण त्यातली झेप विसरता येत नाही. नारळीकर गेले २० मे २०२५ रोजी. योगायोग असा की २० मे हा जगभर मापनशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. १८७५ साली त्याच तारखेला मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता.

ही वेधशाळा उभी राहील तेव्हा तिच्या नळ्या सोयाबीन, तूर आणि कापसाच्या वावरांशेजारून जातील. आत जगातले सर्वांत बारीक माप घेतले जात असेल. कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याच्या मालाचे माप त्या दिवशी कसे घेतले जाईल? आत प्रोटॉनचा हजारावा भाग आणि बाहेर क्विंटलमागे दोन किलोंचा कडता, हे चित्र मला सहन होणारे नाही. विज्ञानाने सावकाराची पायली मोडली, पॅरिसची तिजोरी रिकामी केली आणि माप निसर्गाच्या हाती सोपवले, ते कुणाच्याही मर्जीवर राहू नये म्हणून. माप सगळ्यांचे झाले आहे, हे सगळ्यांना कळले पाहिजे. ज्याला काटा तपासता येतो, त्याच्यापुढे सव्वाशेराचेही काही चालत नाही.